पहिली ईज खोटी

एप्रिलमधल्या दुपारी, लातूरच्या रस्त्यावर, डोक्यावर सूर्य आग ओकत असताना फ्लॅश मारून फोटो काढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवायचे आणि मी केमिस्ट्री. मी उदगीरहून नुकतीच नोकरीला आलेली, नवखी. ते पन्नाशीला टेकलेले, उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चार पेन्सिल सेल ठेवणारे. लातूरला तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. जळकोटपासून नांदेडपर्यंतची पोरं डॉक्टर व्हायचं म्हणून ट्रंका घेऊन उतरायची आणि आम्ही त्यांना सकाळी सहापासून शिकवायला उभे राहायचो. त्या सगळ्या धबडग्यात या माणसाला एकच काळजी असायची. समोरच्याचं तोंड नीट दिसतंय ना?

कॅमेरा त्यांना नांदेडच्या मेहुण्यानं दिला होता. साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, डिजिटल. त्याला त्याची स्वतःची पिशवी होती, पण ती सरांनी बायकोला देऊन टाकली आणि कॅमेरा मुलाच्या लोकरीच्या पायमोज्यात ठेवला. फ्लॅशच्या बटणावर विजेची खूण होती. सरांच्या तोंडी वीज म्हणजे ईज, म्हणून फ्लॅशही ईज आणि म्हणून पोरांनी त्यांचं नाव पाडलं ईजसर. हे नाव त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. कुणी मागून हळूच म्हटलं तर ऐकू न आल्याचं नाटक करायचे, पण मिशी हलायची.

मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तावडीत सापडले. क्लासच्या फाटकापाशी उन्हात डोक्यावरून ओढणी घेऊन रिक्षाची वाट पाहत होते. पायमोज्यातून कॅमेरा निघाला.

"मॅडम, तसंच थांबा. हलू नका."

"सर, एवढं ऊन आहे. फ्लॅश कशाला?"

"ऊन डोक्यावर हाय. तोंडावर न्हाई."

त्यांनी आधी एक फोटो फ्लॅशशिवाय काढला, मग एक फ्लॅशनं, आणि दोन्ही मला मागच्या इवल्याशा पडद्यावर दाखवले. पहिल्यात रस्ता, फाटक, रिक्षा सगळं लख्ख होतं आणि ओढणीखाली मी असायला हवी होते तिथं काळोख होता. दुसऱ्यात मी होते. नको तितकी होते. हनुवटीवरची पुटकुळीसुद्धा दिसत होती आणि मी ती पुसून टाका म्हणून मागे लागले. ते शांतपणे म्हणाले, "आपल्याकडच्या बाईच्या पदराखाली भर दुपारी रात असते मॅडम. तिथंवर सूर्य पोचत न्हाई. तिथं आपली ईज न्यावी लागती." आणि कॅमेरा पायमोज्यात घालून निघून गेले. मला तेव्हा वाटलं, माणूस जरा सरकलेला आहे.

सरकलेले होतेच. फोटो काढताना ते इतके जवळ यायचे की पाव्हणेमंडळी मागे मागे सरकत भिंतीला टेकायची. कारण छोट्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची धाव चार पावलांची, हे त्यांना पाठ होतं. गॅदरिंगला कुणी पार मागच्या खुर्चीवरून स्टेजकडे फ्लॅश मारला की यांच्या जिवाची नुसती तडफड. उठून जायचे आणि त्या अनोळखी माणसाला समजावून सांगायचे की बाबा, तुझी ईज पुढच्या बाप्याच्या टकलापर्यंतच जायली, तिथून पुढं खामखा सेल जाळून राहिलास. दोन-तीनदा यावरून बाचाबाचीही झाली. एकदा मी मध्ये पडले तर मलाच ऐकावं लागलं.

वर्गात मात्र हा वेडेपणा सोनं होऊन यायचा. प्रकाशाचा धडा आला की सर फळ्याकडे पाठ करून पोरांचा एक फोटो काढत आणि कॅमेरा बाकांवरून फिरवत. पहिल्या बाकावरची पोरं चुन्यानं रंगवल्यासारखी पांढरी, मधली बेताची, शेवटच्या बाकावर नुसत्या सावल्या. "अंतर दुप्पट, उजेड चौथाई," सर गरजायचे, "आन् हे पुस्तकात न्हाई, तुमच्या तोंडावर लिवलेलं हाय!" मग मागच्या बाकावरच्यांना उठवून पुढे आणायचे, आधीच्या शहाण्यांना मागे पाठवायचे आणि पुन्हा फोटो. तो नियम पोरं जन्मात विसरली नसतील. मी शिकवलेलं किती जणांच्या लक्षात असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही.

आमच्या संचालकांनी एकदा हौसेनं क्लासच्या फ्लेक्ससाठी सरांकडून फोटो काढून घेतला. संचालकांना जाड भिंगांचा चष्मा. फ्लेक्स चौकात लागला तेव्हा खाली गुणवंत विद्यार्थी आणि वर संचालक, दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन पांढरे सूर्य. शहरभर हसू झालं. संचालकांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आम्ही सगळे कान लावून. आतून सरांचा आवाज आला, "चष्मा जरासा खाली झुकवा म्हणलं होतं सर. पण तुम्हाला मान झुकवायची सवय न्हाई." आम्हाला वाटलं, गेली नोकरी. पण फिजिक्सला दुसरा असा माणूस लातुरात मिळणार नव्हता हे संचालकांना ठाऊक होतं. नोकरी राहिली, फ्लेक्स उतरला.

एवढ्या जगाची तोंडं उजळून काढणाऱ्या या माणसाला एक तोंड मात्र वश होत नव्हतं. त्यांच्या आईचं. दर रविवारी ते गावाकडे जायचे आणि सोमवारी स्टाफरूममध्ये आम्हाला फोटो दाखवायचे. "ही बघा माय." पडद्यावर हिरव्या लुगड्याची पाठ. "ही बघा." एक तळहात, पाच बोटं, मागे काहीच नाही. "ही जरा बरी आली." नाकापर्यंत ओढलेला पदर.

यात त्या कॅमेऱ्याचीही करामत होती. डोळे लाल येऊ नयेत म्हणून तो आधी एक बारीक ईज मारायचा आणि मग क्षणभरानं खरी, मोठी. शहरातल्या लोकांना हे कळलं होतं. गावाकडच्या म्हाताऱ्यांना पहिली चमक दिसली की वाटे, झालं, सुटलो. लगेच पदर खाली, तोंड फिरलं, आणि खरी ईज पडायची ती पाठीवर. सरांनी ती पहिली ईज बंदही करून पाहिली. पण मग शेजारच्या म्हातारीचे डोळे फोटोत लालभडक आले. ती एवढी घाबरली की देवळात नारळ फोडून आली आणि पुन्हा म्हणून कॅमेऱ्यासमोर आली नाही. सरांनी पहिली ईज मुकाट्यानं पुन्हा चालू करून टाकली.

आम्ही खूप हसायचो. मी तर सगळ्यात जास्त. एकदा मी म्हटलं, "सर, एवढा हट्ट कशाला? आई दर रविवारी समोर दिसतात की तुम्हाला."

सर हसले नाहीत. त्यांचं गाव भूकंपात गेलेलं. दगडमातीचं घर बसलं, त्यात वडील गेले, आई ढिगाऱ्यातून जिवंत निघाल्या. सर नोकरीमुळे लातूरला होते म्हणून वाचले. घराबरोबर घरातले फोटो गेले. दोघांचा जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला एक होता, तोही गेला. नातेवाइकाकडे एका लग्नातला फोटो मिळाला, भर दुपारी मांडवाबाहेर काढलेला. त्यात वडील कडेला अर्धे कापलेले आणि आईच्या पदराखाली काळोख.

"दहा-बारा वर्षं झाली मॅडम," सर म्हणाले. "बापाच्या मिशा आठवत्यात. आवाज आठवतो. पण तोंड म्हणून डोळ्यापुढं आणाया गेलो की नीट येत न्हाई. डोळे कसे होते, सांगता येत न्हाई मला. माय आता ऐंशीला आली. तिचं बी असंच झालं तर मी काय करू?"

त्यानंतर मी सोमवारी हसले नाही. पायमोज्यातून कॅमेरा निघायचा आणि मी मनात म्हणायचे, आज तरी तोंड असू दे.

त्या वर्षी येळवशीला सरांनी सगळ्या स्टाफला शेतावर बोलावलं. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर कुलूप लावून कुणाच्या ना कुणाच्या शेतात जेवायला जातं. क्लास बंद, दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रं नसतं. गाव भूकंपानंतर दुसरीकडे सरकारी घरांच्या सरळ ओळींत वसवलेलं, पण शेतं जुनीच, जिथल्या तिथं. ज्वारी कंबरेला लागलेली. शेताच्या मधोमध कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, उभारलेली, आत लक्ष्मी मांडलेली. भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार आंबील. मी किती प्याले ते सांगण्यासारखं नाही.

जेवणं झाल्यावर बाप्ये मंडळी आंब्याखाली लवंडली आणि बायका कोपीत शिरल्या. मीही शिरले. आत सरांच्या आई, त्यांच्या जाऊबाई आणि गावातल्या चार-पाच म्हाताऱ्या, सगळ्या भूकंपातून वाचलेल्या, गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या. आई लहानखुऱ्या, काटक, बोलायला फटकळ. मला म्हणाल्या, "तू ती रसायनवाली का? आमच्या येड्याला सांभाळून घेती म्हणं." मी म्हटलं, "तेच मला सांभाळतात." त्या मनापासून हसल्या आणि पदर डोक्यावरून थोडा घसरला. नेमकं तेव्हाच कोपीच्या दारातून रांगत सर आत आले, हातात कॅमेरा.

"माय, जवळ सरक. पदर मागं घे."

पहिली ईज चमकली. आईंचा हात वर गेला. दुसरी ईज तळहातावर पडली. म्हाताऱ्या खिदळल्या, सरही कसनुसे हसले आणि पुन्हा कॅमेरा डोळ्यांसमोर धरला. पण आई हसत नव्हत्या.

"बस कर रे," त्या म्हणाल्या. कोपीतलं हसणं थांबलं. "तुझा बाप ढिगाऱ्याखालून काढला ना, त्या दिवशी मी त्याच्या उशाला बसलेले. कुठून कुठून लोक आलते कॅमेरे घेऊन. पाऊस लागलेला, अंधारून आलेलं, आन् लखकन तोंडावर उजेड. मी रडून राहिले आन् ते फोटू काढून राहिले. एक झाला की दुसरा. मी पदर वढला तर एक जण म्हणला, बाई, पदर जरा मागं घ्या. तवापासून उजेड आला की हात वर जातो बाबा. मी न्हाई नेत. त्यो जातो."

जाऊबाईंनी मान डोलावली. बाकीच्या म्हाताऱ्याही खाली बघू लागल्या. त्यांच्याही तोंडावर तो उजेड पडला होता, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

"मग मला आजवर बोलली कामून न्हाईस?" सरांचा आवाज चिरकला.

"तू कवा इचारलंस? आला की जवळ सरक. आला की पदर मागं घे. त्यो फोटूवाला बी हेच म्हणला."

मला सरांकडे बघवेना. वर्गात दोनशे पोरांना गप्प करणारा माणूस गुडघ्यांवर बसून पायमोजा शोधत होता आणि तो त्यांच्या मांडीखालीच होता. कॅमेरा त्यात घालून ते म्हणाले, "चुकलं माय. न्हाई काढत आता. कधीच न्हाई."

वाटलं, संपलं. इतक्या रविवारांचा हट्ट इथं, या कडब्याच्या कोपीत, संपला. आणि खरं सांगते, संपायला हवा होता असंही मला वाटलं.

आईंनी हात पुढे केला. "दाव बघू ते."

सरांनी कॅमेरा दिला. आईंनी तो उलटसुलट केला, पायमोजा हुंगला, नाक मुरडलं. "कुठं दाबत्यात?"

"हितं."

"बस मग समोर. न्हाई, तितं. जवळ सरक की!" म्हाताऱ्यांच्यात फस्सकन हसू फुटलं. "आन् टोपी काढ. तोंड दिसू दे."

सरांनी टोपी काढली. मला एकदम जाणवलं की इतक्या दिवसांत सरांचा स्वतःचा फोटो आम्ही कुणी पाहिलाच नव्हता. आईंनी दोन्ही हातांत कॅमेरा धरून बटण दाबलं. बारीक ईज चमकली. "झालं!" म्हणून त्यांनी हात खाली घेतले आणि खरी ईज पडली ती सरांच्या पायांवर. पडद्यावर सरांचे दोन अंगठे. जाऊबाईंना हसता हसता ठसका लागला.

"माय, पहिली ईज खोटी असती," सर म्हणाले. सवयीनं त्यांच्यातला मास्तर जागा झाला होता. "ती निस्ती डोळ्याला सावध करती. फोटू दुसऱ्या इजेला निघतो."

आईंनी जरा विचार केला. "म्हंजे पहिली निस्ती इचाराया येती? येऊ का, म्हणून?"

सर म्हणाले, "हाव. तसंच हाय."

"मग हे यंत्र तुझ्यापरीस शहाणं हाय."

कोप हादरली. बाहेर आंब्याखालचे बाप्ये उठून बसले आणि काय झालं म्हणून विचारू लागले. दुसऱ्या खेपेला आईंनी हात हलवला नाही. फोटो निघाला, आणि त्यात फ्लॅशचा हा एवढा मोठा पंडित डोळे गच्च मिटून, तोंड उघडं टाकून बसलेला! मग काय, प्रत्येकीला तो फोटो बघायचा होता आणि प्रत्येकीला सरांवर एक ईज टाकायची होती. सर मुकाट बसले. खिशातले चारही सेल बदलून झाले. मधेच एकीनं माझाही काढला, आंबिलीनं फुगलेला. तो मी कुणाला दाखवणार नाही.

सगळ्यांची हौस फिटल्यावर कॅमेरा फिरून आईंच्या हातात आला. त्यांनी तो लुगड्याच्या पदरानं पुसला आणि सरांपुढे धरला.

"घे. आता आमचा काढ. समद्यांचा मिळून. पर मी हाव म्हणीन तवा."

त्यांनी जावेला उजवीकडे ओढलं, दुसरीला डावीकडे, मागच्यांना पुढे घेतलं. कोप एवढीशीच, त्यामुळे सगळ्या आपोआप इजेच्या टप्प्यात आल्या. आईंनी आपला पदर डोक्यावरून मागे सारला. पांढरे केस, कपाळावरची ढिगाऱ्यातली जुनी खोक, मोतीबिंदू काढलेला डोळा. बाकीच्या चुळबुळायला लागल्या तशा त्या कडाडल्या, "हलू नका गं कुणी! पहिली ईज खोटी हाय. ती निस्ती इचारती. दुसरी येईस्तवर बघत ऱ्हावा, डोळे फाडून बघा तिच्याकडं! हाव, बाबा."

पहिली चमकली. एकही हात वर गेला नाही. आणि मग खरी ईज पडली, लख्ख, सगळ्या तोंडांवर एकदम.

सरांनी पडदा पाहिला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. सगळ्या होत्या. नथ, सुरकुत्या, गोंदण, पडलेले दात, सगळं. कुणी दबलेलं नाही, कुणी झाकलेलं नाही. लढाई जिंकून आल्यासारख्या सरळ समोर बघत होत्या. मी ओरडलेच, "आलं सर! आलं!" आणि एका म्हातारीला मिठी मारली. ती कोण होती हे मला आजही माहीत नाही.

आईंनी कॅमेरा मागून घेतला. सरांनी त्यांचं एकटीचं तोंड पडद्यावर मोठं करून दिलं. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या, जवळ धरून, लांब धरून.

"ही मी न्हाई," त्या म्हणाल्या.

"माय, तूच हायस."

"न्हाई रे. ही माझी माय हाय. अशीच बघायची ती. म्हातारपणी हुबेहूब अशीच." त्यांनी पडदा जावेकडे, मग सगळ्यांकडे वळवला. "बघा गं, माझी माय आली! तिचा तर फोटू कुणी काढलाच न्हवता."

सर रडत होते. उघड रडत होते आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. आईंनी त्यांच्याकडे पाहिलं, कॅमेरा त्यांच्या हातात ठेवला आणि मांडी घालून नीट बसल्या.

"आन्खी एक काढ. आता हसून काढ. माझी माय जन्मात कवा हसली न्हाई."

सरांनी बाहीनं डोळे पुसले. कॅमेरा उचलला. या खेपेला जवळ सरक म्हणाले नाहीत, पदराचं बोलले नाहीत.

"काढू का, माय?"

आईंनी पदर पार खांद्यावर टाकला.

"काढ!"